लिहिले कोणी, वाचते कोण?

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात एमआयडीसी आहे, डेनिम विणणारा कारखाना आहे, आणि गावाबाहेर पडले की कापसाची शिवारे सुरू होतात. इथून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय दूर नाही. त्या रुग्णालयात माणसे मात्र फार दुरून येतात. घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतल्या खेड्यांतून येतात, कोलामांच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून येतात. आईच्या कडेवर वर्षाच्या आतले लेकरू असते. त्याचे पंजे आणि पावले सुजलेली असतात, डोळ्यांत पिवळेपणा असतो आणि रडे थांबत नाही. रक्त तपासले जाते. रिपोर्टवर दोनच अक्षरे येतात, 'एसएस'. म्हणजे सिकलसेल.

रुग्णालयात घरची माणसे औषधाचे विचारतात, खर्चाचे विचारतात. घरी परतल्यावर प्रश्न बदलतो. आपल्याच लेकराला का? कोणत्या जन्मीचे पाप? घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे याचे उत्तर तयार असते: सटवाईने लिहिले, ते चुकत नाही.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. दुःख कोणाच्या वाट्याला का येते, हे माणूस फार जुन्या काळापासून विचारत आला आहे. जो डॉक्टर हा प्रश्न हसण्यावारी नेतो, तो अर्धेच काम करतो.

मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री मराठी घरांत सटवाईची पूजा मांडतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे अवघे आयुष्य लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत जीवशास्त्राने माणसाच्या शरीरात खरोखरच एक लिखित शोधून काढले, त्याची लिपी लावली, आणि ते वाचले कसे जाते हेही पाहिले. तेव्हापासून शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही 'नशिबात आहे' याच्या जागी 'जीन्समध्येच आहे' असे ऐकू येऊ लागले आहे. शब्द नवा आला, हात टेकणे जुनेच राहिले. म्हणून हे नवे लिखित नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट पाहायला हवे. सिकलसेल त्यासाठी सर्वांत योग्य उदाहरण आहे. तो विदर्भाच्या घराघरांतला आजार आहे, आणि एका रेणूतला नेमका बिघाड म्हणून जगात सर्वांत आधी ओळखला गेलेला आजारही तोच आहे.

माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचे जनुक आहे. रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू अंगभर पोचवणारे हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते. त्यातल्या दोन साखळ्या कशा बांधायच्या, ते या जनुकात चार अक्षरांच्या लिपीत लिहिले आहे. मूळ लिखित पेशीच्या केंद्रकातच राहते. त्याची नक्कल तेवढी बाहेर पडते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही नक्कल रायबोसोम नावाच्या यंत्रणेत शिरते आणि तिथे तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल जोडले जाते. अशी १४६ अमिनो आम्लांची साखळी पुरी झाली की तिच्या घड्या पडतात, तिला आकार येतो, आणि त्या आकारामुळेच ती काम करू शकते.

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. पेशी परिपक्व होत आली की ती आपले केंद्रक बाहेर टाकून देते. मूळ लिखितच गेले. तरीही पुढचा एखाद-दुसरा दिवस तिच्यात हिमोग्लोबिन बनत राहते, कारण आधी काढलेल्या नकला आत शिल्लक असतात. लिखितावाचून वाचन चालू राहण्याचा हा प्रकार आपल्या प्रत्येकाच्या हाडांत या क्षणी घडतो आहे.

तीन अक्षरांच्या कोणत्या गटाचा अर्थ काय, हे १९६१ ते १९६६ या काळात उलगडले. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश माथेई यांनी १९६१ मध्ये 'यू' हे एकच अक्षर पुन्हा पुन्हा असलेला आरएनए पेशींच्या अर्कात टाकला, आणि त्यातून फेनिलॲलनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. पहिला शब्द लागला. पुढे ठरावीक क्रमाचे संदेश प्रयोगशाळेत बांधून हा कोश पुरा करण्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. खुराना आज पाकिस्तानात असलेल्या मुलतान भागातल्या रायपूर नावाच्या खेड्यात जन्मले. शंभरेक वस्तीच्या त्या खेड्यात लिहिता-वाचता येणारे जवळपास एकच घर होते, ते त्यांचे. वडील पटवारी होते. त्या घरातल्या मुलाने सजीवांची लिपी वाचायला जगाला मदत केली, आणि १९६८ चे नोबेल निरेनबर्ग, रॉबर्ट हॉली आणि खुराना यांना मिळाले. जन्माच्या वेळी त्या मुलाबद्दल कोणी काय भाकीत केले असते?

पण लिपी लागली तरी मुख्य प्रश्न राहतोच. हे वाचते कोण?

रायबोसोम वाचतो, असे म्हणायची पद्धत आहे. १९६२ साली झालेल्या एका प्रयोगाने त्या म्हणण्याची मर्यादा दाखवून दिली. अमिनो आम्ले रायबोसोमपर्यंत आणून देणारे छोटे आरएनए असतात, त्यांना टीआरएनए म्हणतात. प्रत्येकावर एका टोकाला अमिनो आम्ल चिकटलेले असते आणि दुसरीकडे संदेशातल्या तीन अक्षरांशी जुळणारी तीन अक्षरे असतात. फ्रांस्वा शापव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टीन आणणारा टीआरएनए घेतला, आणि सिस्टीन त्याला चिकटलेले असतानाच रासायनिक क्रियेने त्याचे ॲलनिन करून टाकले. रायबोसोमने मुकाट्याने सिस्टीनच्या जागी ॲलनिन बसवले. पुढच्याच वर्षी सशाच्या हिमोग्लोबिनवर अशाच प्रयोगातून तेच दिसले. रायबोसोम अक्षरे जुळतात की नाही एवढेच पाहतो. आलेले अमिनो आम्ल बरोबर आहे का, याची त्याला खबर नसते. अक्षर आणि अर्थ यांची गाठ त्याच्याही आधी, दुसरीकडेच मारलेली असते. ते काम करणारी विकरे निराळी आहेत. सर्वसाधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लाला एक, अशी ती वीस असतात.

शब्द आणि अर्थ यांचे नाते स्वाभाविक की ठरवलेले, यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला आहे. मीमांसकांनी सांगितले की हे नाते नित्य आहे, ते कोणी जोडलेले नाही, आणि म्हणूनच वेद अपौरुषेय आहेत. नैयायिकांनी उत्तर दिले की हा संकेत आहे, आणि संकेत म्हटला की तो करणारा आला. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या सिद्धीसाठी जे युक्तिवाद मांडले, त्यांत या धाटणीचा युक्तिवादही आहे. सजीवांची लिपी या दोन्ही पक्षांना अर्धे-अर्धे खरे ठरवते. ती संकेतासारखी आहे, यात नैयायिक बरोबर. 'यूजीए' ही तीन अक्षरे आपल्या पेशीत 'थांबा' असे सांगतात. त्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भागात मात्र त्याच अक्षरांचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असा होतो. एकाच पेशीत एका शब्दाचे दोन अर्थ लागत असतील, तर ते नाते अटळ नव्हे. पण संकेत करणारा कोणी पेशीत सापडत नाही, इथे मीमांसक बरोबर. कर्त्यावाचून चालत आलेला संकेत ही कल्पना या दोन्ही दर्शनांच्या चौकटीत नीट बसत नाही. फ्रान्सिस क्रिकने १९६८ मध्ये असा विचार मांडला की एकदा कसाबसा जमलेला संकेत पुढे बदलणे घातक ठरले असते, म्हणून तो तसाच कायम राहिला.

यात आणखी एक चक्र आहे. संदेश वाचून प्रथिने, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, तयार होतात. आणि अक्षराची अर्थाशी गाठ मारणारी ती वीस विकरे स्वतः प्रथिनेच आहेत, म्हणजे तीही संदेश वाचूनच तयार झालेली. आधी वाचन की आधी वाचणारा? आपल्या परंपरेत याला बीजांकुरन्याय म्हणतात. बीज आधी की अंकुर, याला उत्तर नसते म्हणून तो प्रवाह अनादि मानायचा. शंकराचार्यांनी कर्म आणि संसार यांच्या संबंधासाठी हाच न्याय वापरला आहे. जीवशास्त्राला मात्र इथे एक फट सापडली. २००० च्या सुमारास रायबोसोमची अणूपातळीवरची रचना स्पष्ट झाली. या कामासाठी वेंकटरमण रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना २००९ चे नोबेल मिळाले. रायबोसोमच्या गाभ्यात, जिथे एक अमिनो आम्ल दुसऱ्याला जोडले जाते तिथे, प्रथिन नाहीच. तिथे काम करतो तो आरएनए. संदेशही आरएनए, साखळी जोडणाराही आरएनए. म्हणजे प्रथिनांच्या आधी वाचन शक्य होते. ज्याला अनादि म्हटले त्यालाही आरंभ असू शकतो, हे या एका रचनेने दाखवले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी त्याची घ्यायला हवी तेवढी दखल घेतलेली नाही.

ईश्वर मानणाऱ्याला यात कुठेच अडथळा नाही. आपली श्रद्धा तो खुशाल बाळगू शकतो. ती श्रद्धा 'अक्षराला अर्थ द्यायला कोणीतरी बसलेले हवेच' या युक्तिवादावर उभी करू नये, एवढेच.

लिपी सगळ्या सजीवांची जवळजवळ एकच आहे, याचा पुरावा लोहाऱ्याच्या आसपासच्या शेतांत उभा असतो. बीटी कापूस म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे लिखित कापसाच्या गुणसूत्रात घातलेले वाण. भारतात त्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. जिवाणू आणि कापूस यांचे पूर्वज वेगळे होऊन अब्जावधी वर्षे लोटली. तरी कापसाच्या पेशीने जिवाणूचा संदेश वाचला आणि बोंडअळीला मारणारे तेच प्रथिन बनवले. सर्व भूतांत एकत्व पाहायला सांगणाऱ्या संतांच्या प्रदेशात ही गोष्ट कुणाला परकी वाटू नये. पुढे काय झाले तेही तितकेच बोलके आहे. काही वर्षांत गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनाला दाद देणे सोडले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात बोंडअळीने कहर केला, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. कापसात घातलेली अक्षरे बिघडली नव्हती आणि प्रथिनही बनत होते. बदलला तो भोवताल. लिखिताचा परिणाम एकट्या लिखितावर ठरत नाही, हे या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

सिकलसेलमध्ये बिघाड एका अक्षराचा असतो. बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी 'जीएजी' असायचे, तिथे 'जीटीजी' असते. संदेशाच्या नकलेत ते 'जीयूजी' होऊन येते. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. १४६ पैकी एक. व्हॅलिनला पाणी नकोसे असते. प्राणवायू सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ धागे बनतात आणि गोल लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग तो असह्य ठणका सुरू होतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही, म्हणून डोळे पिवळे.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रायबोसोमने चूक केलेली नाही. 'जीयूजी' आले, त्याने व्हॅलिन बसवले, वाचन बिनचूक झाले. पेशीत कोणी रागावलेले नाही, कोणी शिक्षा सुनावत नाही. पाप आणि पुण्य यांची नोंद ठेवायला त्या यंत्रणेत जागाच नाही. ती अक्षरे जुळवते आणि पुढे सरकते.

मग हे अक्षर आले कुठून आणि टिकले कसे? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीवरून दाखवले की सिकलचे एकच जनुक असलेल्या माणसाला मलेरियाच्या प्राणघातक रूपापासून संरक्षण मिळते. मुलाला एक जनुक आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही सिकलची आली तर 'एसएस', म्हणजे आजार. एकच आले तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहक बहुधा धडधाकट असतो, आणि मलेरियाच्या रानात तो इतरांपेक्षा जास्त जगतो. म्हणूनच हे अक्षर जंगलपट्ट्यांत टिकले. निलगिरीच्या डोंगरांत १९५२ मध्ये त्याची नोंद झाली. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. विदर्भात गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत आणि बौद्ध समाजात त्याचे प्रमाण जास्त आढळते, पण कुणबी, तेली अशा इतर समाजांतही ते सापडते. जात पाहून ते येत नाही, जुन्या हिवतापाचा नकाशा पाहून येते.

ज्या अक्षराला घरातली माणसे पापाची खूण म्हणतात, ते खरे तर पूर्वजांची लेकरे वाचल्याची खूण आहे. कुठल्यातरी रानात, कुठल्यातरी पावसाळ्यात, तापाने फणफणलेली मुले या अक्षराच्या आधाराने तगली आणि त्यांचा वंश पुढे चालला. त्याची किंमत आज एखादे लेकरू मोजते आहे. हे अन्यायाचे आहे, यात शंका नाही. पण अन्याय वेगळा आणि शिक्षा वेगळी.

कर्मसिद्धान्ताची एक बाजू नाकारता येत नाही. दुःखाला काहीतरी कारण आहे, जग आंधळे नाही, एवढा दिलासा तो देतो, आणि रात्रभर ठणकणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला तेवढाही आधार पुष्कळ असतो. अडचण त्यानंतरची आहे. पाप कोणाचे, हे एकदा विचारले की बोट बहुतेक आईकडे वळते. 'हिच्या माहेरून आले' असे सहज म्हटले जाते. 'एसएस' मूल व्हायला दोन्हीकडून एकेक अक्षर यावे लागते, बापाकडूनही तितकेच, ही साधी गोष्ट तेव्हा कोणालाच आठवत नाही.

ऑक्टोबर १९५६ मध्ये दोन घटना लागोपाठ घडल्या. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या व्हर्नन इन्ग्राम यांचा शोधनिबंध 'नेचर'च्या १३ ऑक्टोबरच्या अंकात आला. सिकलसेलचे हिमोग्लोबिन आणि निरोगी हिमोग्लोबिन यांत फरक फक्त एका छोट्या तुकड्यात आहे, असे त्यांनी दाखवले. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले, ते त्यांनी पुढच्या वर्षी सांगितले. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या त्यांच्या ग्रंथात पूर्वकर्माची चर्चा आहे, आणि तिथे त्यांनी आनुवंशिकतेचा दाखला दिला आहे. मूल आपले गुण आईबापांकडून घेते असे विज्ञान सांगते. पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना मात्र असे मानते की मुलाने आईबापांकडून फक्त शरीर घेतले, बाकी सारे स्वतःचेच आणले. गरिबांच्या आणि दलितांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने झटकून टाकावी, यापलीकडे अशा सिद्धान्ताचा उपयोग काय, असा त्यांचा रोख होता. सिकलसेलच्या बाबतीत तो शब्दशः लागू पडतो. आजार पापाचा असेल तर दवाखाना उघडायची गरज कोणाला?

खुद्द बुद्धाने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला होता. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माचेच फळ का. बुद्ध तसे मानत नाही. पित्त, कफ, वात, ऋतुपालट, इजा अशी कितीतरी कारणे तो सांगतो. सगळे काही पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असे त्याचे म्हणणे आहे.

वैदिक परंपरेतही दैवापुढे मान तुकवायला सगळ्यांनी सांगितलेले नाही. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला बजावतो की दैव म्हणून वेगळे काही नाही, कालच्या प्रयत्नालाच लोक दैव म्हणतात, आणि आजचा प्रयत्न जोरकस असेल तर तो कालच्यावर मात करतो. वऱ्हाडात गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून नवससायास आणि कोंबड्या-बकऱ्यांचे बळी सोडायला लावले, औषध घ्यायला आणि स्वच्छतेला लावले. ते काम याच धारेतले आहे.

या धारेला विज्ञानाकडून मिळालेला सर्वांत मोठा आधार 'एसएस' मुलाच्याच पेशीत आहे. पोटातल्या गर्भाला बीटा ग्लोबिन फारसे लागत नाही. त्याचे हिमोग्लोबिन गॅमा ग्लोबिन नावाच्या दुसऱ्या जनुकावरून बनते आणि त्यात कसलाही बिघाड नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे वाचन थांबत जाते, बीटाचे सुरू होते. म्हणूनच सिकलसेलचे मूल पहिले काही महिने ठणठणीत दिसते आणि त्रास नंतर सुरू होतो. पण गॅमाचे लिखित कुठे गेलेले नसते. मोठ्या माणसाच्या प्रत्येक केंद्रकातही ते शाबूत असते, फक्त वाचले जात नाही.

हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषध तेच लिखित पुन्हा काही प्रमाणात वाचायला लावते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत या औषधाने ठणक्याचे झटके लक्षणीय कमी झाले, आणि आज भारतातही डॉक्टर ते देतात. औषधाने चुकीचे अक्षर बदलत नाही, ते जिथल्या तिथे असते. तरी आयुष्य बदलते, कारण त्याच लिखितातला दुसरा मजकूर वाचला जाऊ लागतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मंजूर केलेला जनुकोपचारही असाच आहे. त्यात गॅमाचे वाचन दाबून धरणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचे काम रक्तपेशींत बंद करतात, सिकलचे अक्षर तसेच राहू देतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. झरी-जामणीच्या पोडापर्यंत हा उपचार या किमतीत पोचणे शक्य नाही. भारतात जनुकोपचार परवडेल अशा खर्चात आणण्यासाठी दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत काम चालू आहे.

सटवाईच्या श्रद्धेत हे कुठे बसते? कागद कोरा नव्हता, हे खरे. पण जे लिहिले होते त्यात एकच निकाल नव्हता. त्याच कागदावर उपायाचा मजकूरही पहिल्यापासून होता, आणि तो वाचायचा कसा हे माणसांनी शोधून काढले. प्रारब्ध हा शब्द वापरायचाच असेल तर या शोधालाही त्यात जागा द्यावी लागेल.

आता उरते ते माणसांच्या हातातले काम. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य ठरले, आणि निर्मूलनाची मुदत २०४७ ची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागणे ही या मुलांवरची मेहेरबानी नसून त्यांचा अधिकार आहे. शाळेतल्या शिक्षकांनी हे माहीत करून घ्यावे, आणि सिकलसेलच्या मुलाला पाणी पिण्यासाठी वर्गाबाहेर जाऊ द्यावे. अंगातले पाणी कमी झाले की त्याचा ठणका उठतो.

सगळ्यांत नाजूक जागा लग्नाची आहे. नवरा-बायको दोघेही 'एएस' असतील तर प्रत्येक खेपेला मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील असे नाही, दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. म्हणून लग्न ठरवताना पत्रिका पाहायच्या असतील तर पाहाव्यात, पण त्याआधी रक्त तपासावे. आणि तपासणीत मुलगी 'एएस' निघाली म्हणून स्थळ मोडू नये. ती आजारी नाही. जोडीदार 'एए' असेल तर त्यांचे एकही मूल 'एसएस' होणार नाही. मुलाचा रिपोर्ट लपवायचा आणि मुलीचा गावभर करायचा, हा या पट्ट्यातला सगळ्यांत मोठा अधर्म आहे.

घरात लेकरू 'एसएस' असेल तर त्याच्या आईला बोल लावू नका. फोलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिले असेल तर हायड्रॉक्सीयुरिया एकही दिवस चुकवू नका, ताप आला तर घरी वाट पाहत बसू नका. स्वतःचे रक्त अजून तपासले नसेल तर गावच्या आशाताईंना विचारा. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर पहिली तपासणी होते, आणि सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे.